बराबर हाय का बघा

झमकूबाई राठोडनं हात वर केला की आधी आवाज यायचा आणि मग हात दिसायचा. कोपरापासून थेट खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्यांची चळत. तो हात ती अर्धवट, भीत भीत कधी वर करत नसे. फाट्यावर एस.टी. थांबवायला करावा तसा ताठ करायची. खळ्ळकन आवाज झाला की शिकवणारीचं बोलणं थांबायचं, आणि झमकूबाई म्हणायची, "मला न्हाई कळलं. परत सांगा." एवढं बोलून हात खाली. चेहऱ्यावर लाज नाही की ओशाळेपणा नाही. जेवताना "थोडं मीठ द्या" म्हणावं, इतक्या सहज.

तो आवाज झाला की पहिल्या बाकावर बसलेली एक बाई लाजेनं चूर व्हायची. केसांना तेल लावून घट्ट अंबाडा, कडक इस्त्रीची साडी, समोर नवीकोरी वही. 'ही आपल्या जिल्ह्याची आहे हे कुणाला कळू नये' असं तिला वाटायचं. ती बाई म्हणजे मी. आमच्या नातवंडांची समजूत आहे की आजी जन्मापासूनच शहाणी होती. ही समजूत मी इतकी वर्षं जिवापाड जपली. आज मोडते.

मी तेव्हा चाळिशीतली. कुरुंद्याजवळच्या एका उपकेंद्रात नर्स होते. हिंगोली परभणीतून फुटून नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमच्या भागात बाळंतपणावर काम करणाऱ्या एका संस्थेनं ठरवलं की एक नर्स आणि एक सुईण अशी जोडी श्रीलंकेला पाठवायची. चार आठवडे तिथं राहून नवजात बाळाची काळजी शिकायची, आणि परत येऊन दोघींनी मिळून गावोगावच्या सुईणींना शिकवायचं. फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, इंग्रजी कितपत येतं? मला औषधाच्या बाटल्यांवरची नावं वाचता यायची, रजेचा अर्ज लिहिता यायचा. मी पेन चावत बसले. आमचे हे म्हणाले, "उत्तम लिही. तिथं कोण परीक्षा घ्यायला बसलंय?" मी उत्तम लिहिलं. ते इंग्रजीत 'एक्सलंट' लिहितानासुद्धा शेजारणीला विचारून स्पेलिंग पक्कं केलं, यावरून काय ते समजा.

आमच्या वस्तीत तर सणच झाला. आमची सून लंकेला चालली, बुद्धाच्या धम्माच्या देशात! विहारात माझा सत्कार झाला, गळ्यात हार पडले. धाकट्या दिरांनी भाषण ठोकलं, "आमच्या वहिनी तिथं साहेब लोकांशी इंग्रजीत बोलणार आहेत!" टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून हसले. लोकांना तो विनय वाटला. म्हाताऱ्या सासूबाईंनी एकच मागितलं, "बोधिवृक्षाचं एक पान आन गं बाई."

झमकूबाई मला पहिल्यांदा भेटली ती हिंगोलीच्या बसस्टँडवर. माझ्याजवळ चाकांची बॅग, तिच्याजवळ एक पिशवी आणि एक गाठोडं. आरशांची कांचळी, घेरदार घागरा, डोक्यावर ओढणी. वय पन्नासच्या पुढे-मागे.

"तुमीच का त्या नर्सबाई?" तिनं विचारलं.

"हो. आणि तुम्ही?"

"म्या झमकू. सेनगावाकडल्या तांड्यावरली. लेकरं काढते."

"गाठोड्यात काय आहे?"

"पीठ. ज्वारीचं."

मला हसू फुटलं. "अहो, परदेशात कुणी पीठ नेतं का?"

"काहून? तिकडं भूक न्हाई लागत?"

मी माझ्या बॅगेचं कुलूप पुन्हा तपासू लागले. दुसऱ्या आठवड्यात, तिन्ही त्रिकाळ भात आणि नारळाचं कालवण खाऊन माझा जीव विटला, तेव्हा मीच तिला हळूच विचारलं, "झमकूबाई, पीठ उरलंय का हो?" तिनं टोमणा मारला नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीकडून तवा मागून आणला आणि भाकर थापायला बसली. मात्र पहिली भाकर माझ्या ताटात टाकताना एवढं म्हणाली, "परदेशात पीठ कोन नेतं, न्हाई का?"

तर तो पहिला दिवस. डोंगरातलं थंड गाव, लांबलचक खोली, कुठून कुठून आलेल्या वीसेक बाया. नेपाळच्या, बांगलादेशच्या, मालदीवच्या, आफ्रिकेतल्या. कुणी कुणाला ओळखत नाही. शिकवणाऱ्या मालिनी मॅडम इंग्रजीत बोलू लागल्या, आणि त्यांचं बोलणं माझ्या कानांवरून असं गेलं जसं पत्र्यावरून पाणी. मग त्यांच्याशेजारी एक म्हाताऱ्या बाई उभ्या राहिल्या. बिल्किसआपा. त्या तिथल्याच, पण तरुणपणी हैदराबादेत नर्स होत्या. आमच्या हिंगोलीच्या बाजारात ऐकू यावी तशी हिंदी बोलू लागल्या, "जिनकू अंग्रेजी नै समजती, हाथ उठाव. मैं उनके पास बैठूंगी. शरमाना नक्को."

खळ्ळकन आवाज झाला. झमकूबाईचा हात ताठ. माझे दोन्ही हात बाकाखाली, एकमेकांत घट्ट. झमकूबाईनं माझ्याकडे वळून पाहिलं. "नर्सबाई, तुमाला येतं व्हय इंग्रजी?"

"येतं म्हणजे? आमचं सगळं कामच इंग्रजीत असतं," मी म्हणाले.

ती हात वर करणाऱ्या चार-पाच बायांबरोबर मागच्या बाकांवर गेली, बिल्किसआपा तिच्याशेजारी बसल्या, आणि मी पहिल्या बाकावर एकटी राहिले, माझ्या उत्तम इंग्रजीसोबत.

मान हलवण्याचं काम मात्र मी मन लावून केलं. मॅडम थांबल्या की मान हलवायची, फळ्यावर काढलं की ते वहीत उतरवायचं, सगळ्या हसल्या की हसायचं. तिसऱ्या दिवशी मॅडम काहीतरी सांगत होत्या. आवाज मऊ, ओठ जरा वाकडे झालेले. मला वाटलं गमतीचं आहे. मी चांगली दात दाखवून हसले. सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. कुणी हसलं नव्हतं. मॅडमही दोन क्षण बघत राहिल्या, मग पुढे बोलू लागल्या.

संध्याकाळी खोलीत मी पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. काय चुकलं तेही मला ठाऊक नव्हतं. झमकूबाई खाटेवर मांडी घालून बसली आणि तिनं ओढणीचं टोक हातात घेतलं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून वर्गात एकेक नवी गोष्ट ऐकली की ती ओढणीला एक गाठ मारायची.

"नर्सबाई, निजलात का?"

"नाही."

"म्या आज काय शिकले ते सांगू का तुमाला? म्या पडले अडाणी. तुमी बराबर हाय का बघा."

मी उठून बसले, चष्मा लावला. शिक्षिकेचा आव आणायला मला फार वेळ लागत नसे. "सांगा बघू."

तिनं एक गाठ सोडली. "लेकरू जन्मलं की लगेच न्हाऊ घालायचं न्हाई. अंग पुसून आईच्या उघड्या छातीवर निजवायचं. वरून पांघरूण." दुसरी गाठ सोडली. "पहिलं दूध पिळून टाकायचं न्हाई." तिसऱ्या गाठीपाशी ती थांबली. "आन मॅडमनं त्येंच्या पहिल्या बाळंतपनाची गोष्ट सांगितली. म्हंजे त्येंनी केलेलं पहिलं बाळंतपन. लेकरू थंडीनं गेलं. कोनी त्येला पांघरलंच न्हाई. त्येंला अजून सपनात दिसतंय म्हने."

ती माझ्याकडे बघत नव्हती. गाठ सोडण्यातच गुंतली होती. माझ्या कानशिलांना चटका बसला. मी म्हणाले, "बरोबर आहे सगळं," आणि वही ओढून लिहू लागले. "तुमचं नीट पाठ व्हावं म्हणून लिहून ठेवते."

"लिहा, लिहा," ती म्हणाली.

आणि मग हा रोजचाच परिपाठ झाला. मला वाटायचं, काय हुशार आहे मी! बाईला कळूही न देता तिच्याकडून सगळा धडा काढून घेते, वर तिच्यावर उपकार करते. रोज संध्याकाळी गाठी सुटायच्या, रोज मी "बरोबर, बरोबर" म्हणायचे आणि माझी वही भरत जायची. कधी एखादी गाठ ती सोडायचीच नाही. "ही ऱ्हाऊ द्या. ह्येच्यात मला पक्कं न्हाई कळलं. उद्या इचारते." दुसऱ्या दिवशी वर्गात खळ्ळकन. मालिनी मॅडम हसून पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. त्या नुसतं 'करा' म्हणाल्या तर झमकूबाईचं समाधान होत नसे. "काहून?" हा तिचा दुसरा मंत्र. काहून पुसायचं, काहून झाकायचं? कारण कळलं की मग ती आयुष्यभराची सवय एका दमात सोडायची. जन्मलेल्या लेकराच्या जिभेला गूळ-पाणी लावायची तिच्या हातांची रीत. त्यानं लेकराच्या पोटात जंतू जातात हे ऐकल्यावर ती स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाली, "लई जणांला लावलं म्या. आता न्हाई लावनार." एवढंच.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी घोटाळा झाला. जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा कशी द्यायची, हा धडा होता. संध्याकाळी झमकूबाईनं गाठ सोडली. "लेकराच्या खांद्याखाली जाड उशी द्यायची, आन मान पार मागं झुकवायची. मंग तोंडावर रबरी मुखवटा ठिवून हवेची पिशवी दाबायची. बराबर हाय का?"

"अगदी बरोबर," मी म्हणाले आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तिला रबरी बाहुल्यावर करून दाखवायला बोलावलं. तिनं मान पार मागं झुकवली, पिशवी दाबली. बाहुल्याची छाती हललीच नाही. मॅडमनी तिचा हात धरून मान जरा पुढे आणली, किंचितच वर राहील इतकी, खांद्याखाली दोन बोटं जाडीची कापडाची घडी. पिशवी दाबली, छाती फुगली. झमकूबाईनं चार वेळा करून बघितलं. मग मान वर करून तिनं लांबून माझ्याकडे नुसतं पाहिलं.

त्या संध्याकाळी तिनं ओढणी हातात घेतली नाही. दार लावलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"काल म्या उलटं सांगितलं. तुमी बराबर म्हनलं. काहून?"

"माझं लक्ष नसेल..."

"नर्सबाई."

"अहो, दिवसभर डोकं..."

"तुमाला कळत न्हाई ना मॅडमचं?"

मी चष्मा काढून पुसू लागले. ती खाली बसली, आवाज एकदम मऊ केला. "म्या पहिल्या दिसापासून वळखलं व्हतं. म्हनलं, शिकल्या-सवरलेल्या बाईला काहून उघडं पाडायचं? रोज सांगू आपन, त्येंचं बी भागंल. पर आज त्यो बाहुला व्हता म्हून बरं. तांड्यावर बाहुला न्हाई ऱ्हात. लेकरू ऱ्हातं."

मग मात्र माझा बांध फुटला. मी रडत रडत तिला सगळं सांगितलं. फॉर्म, विहारातला सत्कार, दिरांचं भाषण, सासूबाईंनी मागितलेलं पान. "आता सांगितलं तर परत पाठवतील हो मला. वस्तीत तोंड कसं दाखवू? माझ्याकडे बघून चार पोरी शाळेत जाताहेत."

"मला धाडलं का परत? मला तर माझं नाव बी लिहता येत न्हाई."

"तुमची गोष्ट वेगळी."

"काहून येगळी?" ती म्हणाली. मग तिनं माझी वही उचलली, उलटीच धरली आणि पानं चाळत म्हणाली, "घरी गेल्यावर तुमी ह्येच्यातून वाचून दाखवनार, आन त्या बाया तसंच करनार. नर्सबाई म्हनली म्हून करनार. सासूबाईला पान तर न्याल तुमी. त्या बायांला काय न्याल?"

सकाळी वर्ग सुरू झाला. बिल्किसआपांनी रोजच्यासारखं विचारलं, "किसकू कुछ नै समजा?" मी मागे वळून बघितलं. झमकूबाईनं त्या दिवशी हात वर केला नव्हता. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, वाट बघत. माझा हात बाकाखालून निघाला तो माझा नव्हेच असं वाटत होतं. खांद्यापर्यंत आला आणि थांबला. मी हिंदीत म्हणाले, "मुझे नहीं समझा." बिल्किसआपांनी विचारलं, "क्या नै समजा, बेटी?" मी म्हणाले, "कुछ भी. पहले दिन से."

आता धरणी दुभंगेल म्हणून मी डोळे मिटले. धरणी कसली दुभंगते! डोळे उघडले तर पहिल्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसणारी नेपाळची बाई, जिच्या फाडफाड 'यस मॅडम'ला मी दोन आठवडे घाबरून होते, तिचाही हात वर. तिच्यामागून बांगलादेशच्या एकीचा. मालिनी मॅडम आधी चक्रावल्या, मग खुर्चीवर बसून पोट धरून हसल्या. तासाभरात बाकांची रचना बदलली. मी उठून मागं गेले, आणि झमकूबाईनं माझ्यासाठी जागा केली. म्हणाली, "या. हितून मॅडमचं समदं ऐकू येतंय."

उरलेले दोन आठवडे मी खरोखर शिकले. माझी वही आम्ही दोघींनी पुन्हा पहिल्या पानापासून तपासली. मानेचं पान मी फाडू लागले तर तिनं फाडू दिलं नाही. "ऱ्हाऊ द्या. फुली मारा वरून. दिसलं पायजे." शेवटच्या परीक्षेत आम्ही दोघी पास झालो, तिला माझ्यापेक्षा जास्त शाबासकी मिळाली. निघताना बोधिवृक्षाचं गळून पडलेलं एक पान बिल्किसआपांनी आम्हाला आणून दिलं. ते मी वहीत ठेवलं, त्या फुलीच्याच पानावर. सासूबाईंनी ते चौकटीत बसवून घेतलं. वस्तीतल्या लोकांनी विचारलं, "इंग्रजीत बोललात का?" मी म्हणाले, "नाही. येत नव्हतं." दिरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या चार पोरी मात्र तशाच शाळेत जात राहिल्या.

पुढची कित्येक वर्षं आम्ही दोघी सेनगाव, औंढा, वसमतच्या गावांमधून सुईणींना शिकवत हिंडलो. जीपमध्ये मागं दाटीनं बसून, मांडीवर तो रबरी बाहुला घेऊन. शिकवायची ती, मी नुसती वही धरायचे. सुरुवात ठरलेली. ती सगळ्या बायांना हात वर करायला लावायची आणि एका सुरात म्हणवून घ्यायची, "मला न्हाई कळलं!" बाया पदराआड हसायच्या. ती म्हणायची, "हासा. आज हासून घ्या. उद्या लेकरू निळं पडंल तव्हा कोनाला इचारसाल?"

आणि असं एक लेकरू निळं पडलंच. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला, भर दुपारी, वर्ग चालू असताना शेजारच्या घरात बाई बाळंत झाली. पोरगी निळसर, हालचाल नाही, आवाज नाही. पिशवी माझ्या हातात होती. घडी ठेवली, मुखवटा लावला, दाबलं. छाती हलेना. बाजूला झमकूबाई बसली होती. बाळंतिणीचा हात धरून, माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली, "मान. लई मागं गेली." मी मान जरा पुढे आणली. छाती फुगली. पाचव्या-सहाव्या दाबाला पोरगी कण्हली, आणि मग जी रडायला लागली ती थांबेचना. तिचं नाव त्यांनी काय ठेवलं मला माहीत नाही. झमकूबाई तिला 'फुलीवाली पोरगी' म्हणायची. का, ते आम्हा दोघींनाच ठाऊक.

माझी नोकरी संपायला थोडी वर्षं राहिली असताना निरोप आला की झमकूबाईला जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात ठेवलंय. गेले. खाटेवर एवढीशी दिसत होती. सलाईनसाठी, सुजेसाठी तिच्या दंडावरच्या बांगड्या उतरवल्या होत्या. तिथली कातडी गोरी, कधी ऊन न लागलेली. तरुण डॉक्टर फेरीवर आले. कागद बघत भरभर काहीतरी बोलले, निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी. तिचा मुलगा मान हलवत होता, सून मान हलवत होती. ते मान हलवणं मला चांगलं ओळखीचं होतं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. तेवढ्यात झमकूबाईनं हात वर केला. पण आवाज झाला नाही. डॉक्टरांचं लक्ष गेलं नाही.

मी माझा हात वर केला, एस.टी. थांबवावी तसा. "डॉक्टर, आम्हाला नाही कळलं. परत सांगा."

त्यांनी चमकून पाहिलं. माणूस चांगला होता. परत आला, स्टूल ओढून तिच्याजवळ बसला आणि साध्या मराठीत सगळं सावकाश सांगितलं. तिनं मध्ये दोनदा "काहून?" विचारलं. त्यानं दोन्ही वेळा उत्तर दिलं.

तो गेल्यावर तिनं ओढणीचं टोक शोधलं. ओढणी नव्हती, दवाखान्याची चादर होती. मग तिनं माझं बोट धरलं.

"नर्सबाई, म्या सांगते, बराबर हाय का बघा. पोटातलं आता लई पसरलंय. औषधानं दुखनं कमी व्हईल, बरं न्हाई व्हनार. हितं पडून ऱ्हायापरीस घरी जावं, लेकरा-बाळांत ऱ्हावं, खावं वाटंल ते खावं. आसंच ना?"

त्या पहिल्या दोन आठवड्यांत, स्वतःला काही न कळता, मी तिला कितीदा तरी बरोबर म्हटलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला म्हणावंसं वाटलं की नाही, चुकलं, ही गाठ परत बांधा, उद्या पुन्हा विचारू. पण तिनं मला तसं शिकवलं नव्हतं.

"बराबर," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत तीच जुनी मिश्किली. "ह्या टायमाला कळून म्हनलं ना?"

"व्हय, झमकूबाई. कळून म्हनलं."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि पोराला हाक मारून जीप आणायला सांगितली.